चार पट्ट्यांची बाटली

आमच्या घरी पाहुणा आला की मी आधी पाणी विचारत नाही. आधी सांगते, “बाथरूम डाव्या हाताला आहे, लाइटचं बटन बाहेर.” मग पाणी. आमच्या ह्यांना त्याची भारी लाज वाटते. “अगं, आल्या माणसाला आधी संडास दाखवतं का कोणी? टेकू तर दे त्याला!” मी म्हणते, तुम्ही पेपर वाचा. मागच्या आठवड्यात भर दुपारी एक पार्सलवाली पोरगी आली. डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला, पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी. तिलाही मी तेच सांगितलं. ती माझ्याकडं बघतच राहिली, आणि मग पिशवी दारातच ठेवून धावत आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, दुपट्टा गळ्यात आला होता. दोन ग्लास पाणी प्यायली, ‘थँक्यू आंटी’ म्हणाली आणि गेली. ह्यांनी पेपर खाली केला नाही, पण त्या दिवशी मला काही बोललेही नाहीत.

चार दिवसांपूर्वी कूलर सज्ज्यावरून खाली उतरवला. नागपुरात होळी जळली की घरोघरी हा सोहळा असतो. जुन्या गवताचा भुसा झालेला, टाकीच्या तळाशी पांढरा क्षार, आणि दरवर्षीप्रमाणं पंप बंद. मुलगा म्हणतो, आई, आता एसी घे. मी म्हणते, एसीला वास कुठं आहे? नवं गवत भरलं, पंप फिरला आणि तो ओला, हिरवट, रानातल्यासारखा वास घरभर सुटला. लहान मुलांना तो वास आला की सुट्ट्या आठवतात. मला एक बाटली आठवते. दोन लिटरची, आरपार दिसणारी, तिच्यावर चिकटपट्टीच्या चार पांढऱ्या पट्ट्या. आणि ती हातात धरून खिडकीत उभी असलेली पल्लवी.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. दवाखाना वस्तीच्या तोंडाशी, दोन खोल्यांचा. वस्ती रेल्वे लाइनीच्या मागं. टिनाची छपरं, प्रत्येक दारावर निळ्या रंगाची पट्टी, मधोमध विहार. माझ्या सासूच्या वयाच्या बायासुद्धा मला ‘सिस्टर’ म्हणायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडं दोनच कामं. लू लागलेल्यांना पाणी पाजायचं, आणि न लागलेल्यांना सांगायचं की भरपूर पाणी प्या. कोणी खिशात कांदा ठेवून यायचं, कोणी कैरीचं पन्हं पिऊन, आणि मी प्रत्येकाच्या चिठ्ठीवर खाली लिहायची: भरपूर पाणी. डोकं दुखतं, भरपूर पाणी. लघवीला जळजळ, भरपूर पाणी. हे म्हणायचे, तू झोपेत पण ‘पाणी प्या’ म्हणतेस. खोटं नसावं ते. इतक्या वेळा म्हटलेली गोष्ट तोंडालाच पाठ होते, डोक्याला विचारत नाही.

पल्लवी लाल कार्डवाली होती. आमच्याकडं विदर्भात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. आईबापाकडून येतो, औषधानं आटोक्यात राहतो, पण सहसा जात नाही. ज्याच्या रक्तात तो नुसता दडून आहे त्याला पिवळं कार्ड, ज्याला खरोखर आहे त्याला लाल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मग जे दुखतं ते बघवत नाही. अंगात पाणी कमी पडलं की हे लवकर होतं, म्हणून पाणी हेच अर्धं औषध. हे सगळं माझ्यापेक्षा पल्लवी छान सांगायची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, केमिस्ट्री घेतलेली. तिला रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायचं होतं. “आयुष्यभर लोकायनं माहं रक्त तपासलं सिस्टर, आता मी लोकायचं तपासीन,” म्हणायची. घरात तिच्याआधी कोणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. बाप नव्हता. आई शीला धरमपेठेत पाच घरची धुणंभांडी करायची. त्या उन्हाळ्यात पल्लवीची शेवटची परीक्षा होती. ती निघाली की लॅबचा कोर्स, आणि कोर्स झाला की आईची दोन घरं तरी सुटणार, असा त्या दोघींचा हिशोब होता.

मार्चमध्येच तिला दोनदा दुखलं. हातपाय धरून आली, सलाइन लावलं, गेली. परीक्षा एप्रिलच्या शेवटी. मी ठरवलं, हिला परीक्षा होईपर्यंत आजारी पडू द्यायचं नाही. मी अशीच आहे, एकदा मनावर घेतलं की पिच्छा सोडत नाही. घरून बाटली आणली, तिच्यावर चिकटपट्टीच्या चार पट्ट्या लावल्या आणि पेनानं लिहिलं: सात, नऊ, अकरा, एक. “या वाजेपर्यंत इथवर पाणी उतरलं पाहिजे. दुपारी दवाखाना बंद व्हायच्या आधी मला खिडकीत रिकामी बाटली दाखवून जायची.”

ती हसली. “सिस्टर, तुमी पोलिसात जायले पायजे होतं.”

“जास्त बोलू नको. रिकामी दिसली पाहिजे.”

आणि रोज दिसायची! एक दिवस चुकली नाही. एक वाजता खिडकीत बाटली उलटी धरायची, एक थेंब टपकन ओट्यावर पडायचा, मी म्हणायची शाब्बास, आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. डॉक्टरांनाही सांगितलं मी. नव्या आलेल्या मुलींना सांगितलं, बघा, पेशंटच्या मागं असं लागावं लागतं. कौतुक करून घ्यायला मला आवडतं, लपवत नाही.

दवाखान्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावर नामदेवकाकांची पाणपोई होती. काका गिरणीतून रिटायर झालेले. बायको गेल्यापासून दरवर्षी होळी झाली की कडुनिंबाखाली दोन रांजण मांडायचे. त्यांना ओलं लाल फडकं गुंडाळायचे, वर लाकडी झाकण, साखळीला बांधलेला पेला. वस्तीत टँकर एक दिवसाआड यायचा, तरी त्यांचे रांजण रिते दिसले नाहीत. कोणी घागर टाकायचं, कोणी बादली. मी रोज दुपारी घरी जाताना तिथं थांबायची. पदराला तोंड पुसून घटाघट दोन पेले प्यायची. काय थंड पाणी होतं ते! काका म्हणायचे, “प्या सिस्टर, प्या. तुमीच सांगता ना सगळ्यायले.” मी हसायची. माझ्या नळाला कधी तशी चव आली नाही, असं मी घरी येऊन ह्यांना सांगायची.

एप्रिल तापला. डांबर चपलेला चिकटायला लागलं. टिनाखाली बसून पल्लवी अभ्यास करायची, ओलं फडकं डोक्यावर घेऊन. पहिले दोन पेपर झाले. खिडकीत येऊन म्हणाली, “मस्त गेला सिस्टर. फर्स्ट क्लास पक्का.” बाटली रिकामी होती. तिसऱ्या पेपरच्या दिवशी ती आली नाही. तिची आईच आली, डोक्यावर पदर नाही, चप्पल एकाच पायात. पेपर अर्धा झाला होता, म्हणे, आणि पोरगी बाकावर आडवी झाली. छातीत दुखत होतं, मांडीत दुखत होतं, बोलता येत नव्हतं. कॉलेजच्या लोकांनी मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं.

मी गेले तेव्हा ती वॉर्डात कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी, तोंडात उशीचं टोक. ओरडत नव्हती. लाल कार्डवाल्या पोरांना ओरडायचं नाही हे फार लवकर कळतं, कारण ओरडून काही होत नाही. शीला सारखी म्हणत होती, “सिस्टर, धंतोलीत नेऊ का तिले? ज्यायच्याकडं काम करतो त्या बाई म्हणते तिथं मोठा डॉक्टर हाय. मंगळसूत्र हाय माहं अजून.” मी म्हटलं, इथं बरोबर चाललं आहे, कुठं नेऊ नको. मग तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. “अंगात पाणीच नाही मॅडम हिच्या. पूर्ण कोरडी आहे. पाणी पीत नव्हती का?”

मला राग आला. “रोज दोन लिटर पिते. मी स्वतः बघते.”

त्यानं माझ्याकडं बघितलं फक्त. मला वाटलं, काल पास झालेलं पोरगं, याला काय कळतं. दुसरं काहीतरी कारण असणार म्हणून मी तीन दिवस त्याच्याशी वाद घातला.

बरे दिवस यायला वेळ लागला. एक रात्र अशी गेली की शीलानं माझा हात सोडला नाही, आणि मलाही वाटलं, गेली पोरगी. मग हळूहळू श्वास मोकळा झाला. मांडीचं हाड मात्र दुखावलं ते दुखावलंच. उरलेले पेपर बुडाले.

बुद्धपौर्णिमा आली. वस्तीत त्या दिवशी विहारासमोर मोठ्या गंजात खीर शिजते, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून देतात. नामदेवकाका उन्हातून स्टीलचा डबा घेऊन वॉर्डात आले. पांढरा सदरा घातलेला, घामानं पाठीला चिकटलेला. पल्लवी उशीला टेकून बसली होती. मी तिचे केस विंचरत होते. काकांनी डबा उघडला, तिला चमच्यानं खीर भरवली, आणि डोळे पुसत मला म्हणाले, “पाहा ना सिस्टर, चांगल्या माणसालेच काहून असं होते? ह्या पोट्टीनं उन्हाळाभर पाणी दान केलं. रोज एक वाजता येये, अख्खी बाटली रांजणात टाके अन् मंग तुमच्याकडं जाये. तान्ही लेकरं प्याली तिचं पाणी. तुमीसुद्धा पेल्या.”

कंगवा माझ्या हातात तसाच राहिला.

पल्लवीनं डोळे मिटून घेतले. काकांना काही कळलंच नाही. ते दानाचं पुण्य सांगत राहिले, डबा पुसून घेतला, “लवकर ये वं घरी” म्हणाले आणि गेले. शीला नळावर गेली होती. आम्ही दोघीच राहिलो. पहिल्यांदा मला आला तो राग. खरं सांगते, दया नाही, रागच आला. दीड महिना मला उल्लू बनवलं या पोरीनं! कॅलेंडरवरच्या माझ्या त्या खुणा आठवल्या.

“काहून केलं गं असं? खोटं काहून बोलली माझ्याशी?”

“मी कुठं बोलली खोटं?” ती हळू म्हणाली. “तुमी म्हटलं रिकामी दिसली पायजे. रिकामी दाखवली. फेकाचं जिवावर ये. टँकरचं पाणी हाय, माय दोन तास लाइनीत उभी राह्यते. म्हणून रांजणात टाको.”

“पण प्यायला काय झालं होतं तुला?”

आता तिनं डोळे उघडले. “पेली असती तं जाऊ कुठी, सिस्टर?”

मग तिनं सगळं सांगितलं, छताकडं बघत. वस्तीतल्या सार्वजनिक संडासाची सहा दारं, त्यातल्या तीन दारांना कडी नाही. समोर कट्ट्यावर दिवसभर पोट्टे बसून. आत पाणी नाही, बादली घरून न्यायची. बाया पहाटे अंधारात जाऊन येतात, मग दिवस मावळल्यावर. मधले तेरा-चौदा तास तोंडाला कुलूप. कॉलेजात एक आहे, पण त्याच्या दारापर्यंत जाववत नाही. “अन् मले तं दुसऱ्यायपेक्षा जास्त लागते. या बीमारीत लागतेच. पेपरात तीन तास बसाचं असते. अर्ध्यातून उठलं तं कोणी जाऊ देईल का? म्हणून मी सकाळी उठून नुसती चूळ भरो.”

या आजारात लघवी जास्त होते. हे मला माहीत होतं हो! ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, माझ्या वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. वही कपाटात होती आणि मी पट्ट्या चिकटवत होते.

“मग मला सांगायचं नाही का?”

“तुमी बाटली पाह्यली रोज,” ती म्हणाली. “मले कुठं विचारलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. शीला नळावरून आली, तिनं आमची तोंडं बघितली आणि ती समजली. तीही खाली बसली. म्हणाली, “मले माहीत होतं सिस्टर. मी बी तेच करतो. पाच घरचे संडास घासतो मी धरमपेठेत, टाइल चकाचक करतो. पण त्यायच्यात बसाले कोण देईल? तुमाले सांगाची लाज वाटे. तुमी एवढं जीव तोडून करत होत्या.”

त्या दिवशी मी बसनं घरी आले. आमच्या हुडकेश्वरच्या घरात दोन बाथरूम आहेत. दुसरी बांधताना हे नको म्हणत होते, मीच हट्ट धरला होता. त्या दुपारी मी तिथं जाऊन कडी लावून उभी राहिले, आणि एकदम मला माझी आई दिसली. मी काही बंगल्यात जन्मले नाही. माझं लहानपण अशाच एका वस्तीत गेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शाळेत जाताना आई तांब्या हातात द्यायची आणि म्हणायची, “चूळ भर अन् थुंक. गिळू नको.” चूळ भरायची, जीभ ओली करायची, थुंकायची. मला ते इतकं जमायचं की शाळेतल्या बाई म्हणायच्या, ही मुलगी तासाला कधी उठत नाही, शहाणी आहे. दहा वर्षांची होते मी. पोटात खालच्या बाजूला जे दुखायचं, ते मला वाटायचं सगळ्यांनाच दुखतं.

हे मी विसरले होते. कसं विसरले, सांगता येत नाही. नोकरी लागली, लग्न झालं, घर झालं, आणि ज्याची लाज होती ते सगळं मी मागं टाकलं. टाकताना त्यातली अक्कलही गेली. साहेब लोकांनी वरून ‘भरपूर पाणी’ लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, त्यांना काय माहीत. पण मला तर माहीत होतं ना? पाणपोई घालणारे पुष्कळ आहेत आमच्या नागपुरात, कोपऱ्याकोपऱ्यावर. पाणी पाजलं की माणूस तृप्त झालेला डोळ्यांना दिसतो. त्यानंतर तो कुठं जातो, विशेष करून ती कुठं जाते, हे कोणी बघत नाही. आणि मी तर पोरीच्या तोंडचं पाणी स्वतः पिऊन वर चवीचं कौतुक करत होते.

आता खरी गंमत ऐका. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक संडास होता. फरशी बसवलेला, नळाला पाणी, आतून कडी, बाहेरून कुलूप. दारावर पाटी: फक्त कर्मचाऱ्यांसाठी. त्याच्या दोन किल्ल्या होत्या. एक डॉक्टरांकडं. दुसरी माझ्या पर्समध्ये, घराच्या किल्ल्यांच्याच जुडग्यात. पल्लवी ज्या खिडकीत बाटली उलटी धरायची, तिथून ती पर्स हातभर अंतरावर खिळ्याला लटकलेली असायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते दुसऱ्या कोणाबद्दल म्हणत असतील असं मला आजवर वाटायचं.

पल्लवी घरी आली तेव्हा काठी घेऊन चालत होती. मी जुडग्यातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ती म्हणाली, “अन् साहेबांनी पाह्यलं तं?” मी म्हटलं, “साहेबांना माझ्याकडं पाठव.” साहेबांनी पाहिलं. एकदा डॉक्टरांनी मला विचारलंही, की मागच्या बाजूला बायांची ये-जा फार दिसते. मी म्हटलं, लघवीचे नमुने घेते सर, मोहीम आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि सोडून दिलं. माणूस वाईट नव्हता. मे, जून, जुलै पल्लवी पाणी प्यायली. बाटलीवरच्या पट्ट्या मी काढून टाकल्या होत्या. हिवाळी परीक्षेत राहिलेले पेपर दिले आणि पास झाली, सेकंड क्लास. फर्स्ट क्लास त्या उन्हाळ्यातच राहिला.

मी रिटायर झाले तेव्हा चार्ज द्यायचा होता. टेबल एक, खुर्च्या तीन, वजनकाटा, कुलूपकिल्ल्या. किल्लीपाशी आले तेव्हा, ती वस्तीतच राहावी म्हणून, मी रजिस्टरात लिहिलं: ‘मागील स्वच्छतागृहाची किल्ली हरवली आहे.’ खाली सही केली. तीस वर्षांत सरकारी कागदावर लिहिलेलं ते माझं एकच खोटं, आणि खरं सांगू का, मला त्याचा अभिमान होता. ह्यांना घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, “जित्याची खोड. रिटायर होताना पण नियम मोडून आलीस.”

परवा रविवारी पल्लवी आली. गाडीवरून, एका पायावर जरा भार देत उतरली. आता धंतोलीत एका लॅबमध्ये आहे. विदर्भभरातून येणाऱ्या पेशंटांचं रक्त काढते. लहान पोरांना न रडवता सुई टोचते म्हणून तिथं तिलाच बोलावतात. कूलरसमोर बसली, डोळे मिटून वारा घेतला. मी सुरू केलं, “बाथरूम डाव्या…”

“माहीत हाय, सिस्टर!” ती हसली. “दरवेळी काय सांगता?”

“किल्ली आणली का माझी?” मी चिडवायला म्हटलं.

“माह्याजवळ कुठं हाय आता? मागच्या गल्लीतली आरती हाय ना, लाल कार्डवाली, अकरावीत हाय. दिवाळीपासून तिच्यापाशी हाय. तिच्याआधी दुसऱ्या पोरीपाशी होती.”

मला आधी फार बरं वाटलं. माझी किल्ली पोरीपोरींतून फिरते आहे, अजून कोणाच्या तरी ओढणीच्या गाठीला आहे! मग हसू तिथंच थांबलं. इतकी वर्षं झाली आणि कुलूप अजून तसंच आहे.

पल्लवीनं पर्समधून कागद काढला. वस्तीतल्या बायांनी अर्ज केला होता, की दवाखान्याचा संडास पेशंट बायांना उघडा करावा. पन्नासेक अंगठे आणि सह्या. सोबत ऑफिसचं उत्तर. मी चष्मा लावून वाचलं: ‘सदर स्वच्छतागृहाची किल्ली हरवल्याची नोंद असल्याने ते वापरात नाही. सबब मागणी विचारात घेता येत नाही.’

माझीच ओळ. माझ्या अभिमानाची. डॉक्टरांकडची दुसरी किल्ली कागदावर कधी आलीच नव्हती, त्यामुळं कागदावर तो संडास त्या दिवसापासून मेलेला होता.

“मी तुमाले सांगणार नव्हती,” पल्लवी म्हणाली. “पण तुमी लिहून दिलं ना, का किल्ली हरवली नाही, अन् बाया वापरत होत्या, तं त्यायले नाही म्हणता येणार नाही. पण तुमच्या पेन्शनचं काही होत असन तं नका देऊ. खरंच नका देऊ, सिस्टर. आमी दुसरं पाहू.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. पेपर खाली आला होता. आता म्हणतील, कशाला या वयात लफडं. हे उठले, खिशातलं पेन काढलं, उघडून माझ्यासमोर ठेवलं. “अक्षर नीट काढ,” एवढंच म्हणाले, आणि पाणी आणायला स्वतः आत गेले.

मी लिहिलं. किल्ली हरवली नव्हती. मी खोटी नोंद केली होती. किल्ली मी पेशंटला दिली होती आणि माझ्या माहितीप्रमाणं ती आजही वापरात आहे. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. खाली पूर्ण नाव घातलं आणि सही केली.

मान वर केली तेव्हा पल्लवीनं ग्लास तोंडाला लावला होता. मागं शेल्फवर तिनं परत केलेली माझी ती जुनी बाटली उभी होती, पट्ट्यांचा चिकटा अजून तिच्यावर आहे. मी बाटलीकडं बघितलं नाही. पल्लवीकडं बघत होते. तिनं ग्लास सगळा संपवला, ओठ पुसले.

“अजून देऊ का गं?” मी विचारलं.

“द्या ना,” ती म्हणाली.